जुन्या सागवानी टेबलाला घरीच स्टेन आणि पॉलिश कसं करायचं

2019च्या ऑगस्टमधे सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णा 57 फुटांवर गेली तेव्हा आमच्या खालच्या खोलीत कमरेएवढं पाणी होतं, आणि आजोबांचं सागवानी टेबल वर न्यायला काही वेळ मिळाला नाही. पाणी उतरल्यावर चिखल धुवून आम्ही ते अंगणात उन्हात ठेवणार होतो, पण शेजारचे काका म्हणाले, "अगं, उन्हात नको, फळी तडकेल." भिजलेल्या लाकडाचा वरचा थर उन्हानं पटकन सुकून आकसतो, आतलं ओलं तसंच राहतं, म्हणून चिरा जातात. मग चार विटांवर उचलून सावलीत वारं लागेल असं ठेवलं, आणि थेट फेब्रुवारीत कामाला हात लावला.

तुमचं टेबल पुरात भिजलेलं नसलं तरी फेब्रुवारी-मार्चच बघा. जून ते सप्टेंबर लाकडाच्या पॉलिशचं काम अजिबात काढू नका, विशेषतः लाखेच्या, म्हणजे स्पिरिटमधे लाख विरघळवून केलेल्या पॉलिशचं. स्पिरिट उडताना पृष्ठभाग गार पडतो, हवेतला दमटपणा त्यावर बसतो आणि पॉलिशवर दूध सांडल्यासारखी पांढरी झाक येते. मे महिन्यात हवा कोरडी असते पण दुपारचं वारं सगळी धूळ ओल्या पॉलिशवर आणून टाकतं, तेव्हा करायचंच असेल तर दारं लावून सकाळी करा.

आधी जुनं पॉलिश कोणतं आहे ते बघायचं. टेबलाच्या खालच्या बाजूला, कुणाला दिसणार नाही अशा जागी, कापसानं स्पिरिट लावा. दोन मिनिटांत चिकट झालं तर लाखेचं पॉलिश, ते स्पिरिट आणि कापडानं निघतं. स्पिरिटनं काही झालं नाही पण थिनरनं मऊ पडलं तर लॅकर. दोन्हीला दाद देत नसेल तर मेलामाइन किंवा पीयू (पॉलियुरेथेन) असणार, ते पॉलिश पेपरनंच (सँडपेपर) घासून काढावं लागतं.

आमच्या टेबलावर खिळ्यांभोवती काळे डाग पडले होते, लोखंड आणि पाणी लाकडाला एकत्र लागलं की पडतात तसे. नुसतं घासून ते जात नाहीत, खोल उतरलेले असतात. त्याला ऑक्झॅलिक ॲसिड, कोमट पाण्यात विरघळवून ब्रशनं लावायचं, वीसेक मिनिटं ठेवायचं आणि स्वच्छ पाण्यानं तीन-चारदा पुसून काढायचं. विषारी असतं, हातमोजे घाला, पोरं-जनावरं लांब ठेवा, आणि पुसून लाकूड पूर्ण सुकल्याशिवाय पेपर मारू नका, नाहीतर त्याची पावडर नाकातोंडात जाते. आमचे डाग निम्म्याहून जास्त गेले, राहिलेले स्टेनच्या रंगाखाली लपले.

आता पेपर. सगळ्यात जास्त वेळ इथंच द्यायचा, पॉलिश चांगलं-वाईट दिसतं ते यावर. 80 नंबरनं सुरुवात, मग 120, 180, शेवटी 220, आणि दर नंबरनंतर धूळ ओल्या फडक्यानं नाही तर कोरड्या ब्रशनं झाडायची. पेपर कायम रेषांच्या दिशेनंच ओढायचा, लाकडाच्या ठोकळ्यावर गुंडाळून, हातानं दाबला तर खड्डे पडतात. आडवा ओरखडा पेपर मारताना दिसत नाही, स्टेन लावला की काळी रेघ होऊन उठतो. म्हणून 180 झाल्यावर टेबल खिडकीकडं करून तिरप्या उजेडात बघा, बोट फिरवून बघा. स्टेन लावायचा असेल तर 220च्या पुढं जाऊ नका, लाकूड फार गुळगुळीत झालं तर रंग धरत नाही.

भेगा भरताना मी सुरुवातीला एक चूक केली, भुसा आणि पांढरा गोंद कालवून भरला, आणि आजूबाजूला जरा सांडला तो पुसून टाकला. कोरडं झाल्यावर काही दिसलं नाही, पण स्टेन लावल्यावर भेगेभोवती तळहाताएवढा फिकट डाग, कारण गोंद लाकडात मुरला होता आणि तिथं रंग शिरलाच नाही. परत पेपर मारावा लागला. त्यापेक्षा लाकडाच्याच रंगाची तयार लांबी (भेगा भरायची पुट्टी) घ्या, नाहीतर स्टेन झाल्यावर भेगा भरा.

स्टेन म्हणजे रंग, पॉलिश नव्हे. डब्यावरचा रंग तुमच्या लाकडावर तसाच उतरेल असं समजू नका, सागवान, आंबा आणि बाभूळ एकाच डब्यातून तीन वेगळे दिसतात. खालच्या बाजूला टिकली लावून बघायची, वर पॉलिशचा एक हातही देऊन. आवडलं तर सुती फडक्यानं रेषांच्या दिशेनं लावा, दोन-तीन मिनिटांनी जादाचा पुसा. फळीच्या आडव्या कापलेल्या टोकाला रंग जास्त शोषला जातो आणि तिथं काळं पडतं, म्हणून त्या टोकाला आधी 320चा पेपर मारून ठेवा. सुकायला एक अख्खा दिवस द्या.

मिरजेच्या सतारी-तंबोऱ्यांना 2024 मधे जीआय (भौगोलिक) मानांकन मिळालं, त्यांच्या भोपळ्यांवरची चमक लाखेच्या पॉलिशचीच. मी चपडी, म्हणजे सुकी लाख आणली, गुळाच्या पापडीसारखे पातळ तुकडे असतात, 100 ग्रॅम चपडी अर्धा लिटर स्पिरिटमधे, काचेच्या बरणीत रात्रभर, आणि सकाळी मलमलच्या कापडातून गाळून. लोखंडी डबा नको, पॉलिश काळवंडतं. कापूस मलमलमधे बांधून पुरचुंडी करायची, त्यात पॉलिश मुरवायचं, आणि हलक्या हातानं लाकडावर सरकत्या चालीनं फिरवायची. एकदा टेकली की थांबवायची नाही, थांबली की खालचा थर विरघळतो आणि पुरचुंडी चिकटून खरवडा उठतो. सात-आठ पातळ हात, मधे तीन हातांनंतर एक रात्र विश्रांती आणि 400चा पेपर अगदी फुंकर घातल्यासारखा. जाड हात कधीच नको.

पण खरं सांगायचं तर जेवणाच्या टेबलाला लाखेचं पॉलिश देऊ नका. गरम चहाचा कप ठेवला की पांढरा गोल उठतो, अल्कोहोल असलेलं सॅनिटायझर सांडलं तरी ते विरघळतं. तिथं मेलामाइन किंवा पीयू घ्या, हार्डनर (पॉलिश कडक करणारं द्रव) डब्यावर लिहिलंय त्याच मापानं घाला, आणि वास फार उग्र असतो तर मास्क लावून उघड्या व्हरांड्यात करा. आमचं आजोबांचं टेबल देवघराशेजारी वह्यापुस्तकांसाठी आहे, त्याला लाखच शोभते.

काम करताना देवघरातला दिवा, उदबत्ती, गॅस सगळं बंद. स्पिरिटची वाफ लगेच पेटते. आणि जवस तेल वापरलंत तर तेलाची फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका, ती आपोआप तापून पेट घेऊ शकतात, दोरीवर मोकळी पसरून सुकवा किंवा पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवा. पॉलिश बोटाला लागत नसलं तरी टेबलावर आठवडाभर काही ठेवू नका, प्लास्टिकचा टेबलक्लॉथ तर महिनाभर नको, खाली चिकटून ठसा उमटतो.