कुंड्यांतल्या गोगलगायी: मिठाचा डबा स्वयंपाकघरातच राहू द्या

पावसाची झड लागली की झेंडूच्या रोपांचे सकाळी नुसते दांडे उरतात. पानांवर, कुंडीच्या काठावर चकाकता चिकट माग दिसला, तर रात्री शंखी गोगलगाय किंवा तिची बिनशंखाची बहीण शेंबडी जेवून गेली. माग नसेल तर अळी किंवा नाकतोडा शोधा. पुढचं त्यांना लागू नाही.

मीठ भुरभुरवू नका. गोगलगाय मरते, हे खरं. पण मीठ कुंडीतल्या मातीत उतरतं आणि मुळं जाळतं. माझा एक मोगरा मी असाच घालवला. अंड्यांच्या टरफलांचं कुंपणही पावसात कुचकामी. ओल्या टरफलांवरून त्या खुशाल चालतात. चुन्याची फक्की कोरड्या ओट्यावर चालते, पहिल्या सरीबरोबर वाहून जाते.

रात्री नऊनंतर बॅटरी घेऊन वेचा. हातमोजे घाला, कारण त्यांच्यात माणसाला बाधणारे कृमी असू शकतात. वेचलेल्या गोगलगायी बादलीतल्या दाट मिठाच्या पाण्यात टाका (मिठाची जागा ही), सकाळी खड्ड्यात पुरा. ते पाणी मात्र मोरीत ओता, झाडांना नाही.

इथवर सगळेच सांगतात, आणि इथेच मी फसलो. पहिल्या पावसाळ्यात सलग आठ रात्री वेचल्या, रोज तीस-चाळीस. नवव्या रात्री पुन्हा तेवढ्याच. मग एका दुपारी वैतागून जड कुंडी आडवी केली तर बुडाशी, पाणी जायच्या भोकात, शेंबड्या दाटीवाटीनं बसलेल्या. शेजारच्या कुंडीच्या मातीत साबुदाण्यासारखा पांढुरका पुंजका होता. तो साबुदाणा म्हणजे शंखीची अंडी. मोठी आफ्रिकन शंखी एका वेळी शंभराच्या वर अंडी घालू शकते, तेव्हा मी रात्री वेचत होतो ती फक्त वरची साय.

म्हणून खरं काम दिवसाचं. प्रत्येक कुंडी उचला, भोकात बोट नव्हे, काडी घाला. कुंडीखालच्या ताटल्या, विटांच्या फटी, भिंतीला टेकवलेली फळी, कुजका पालापाचोळा, सगळं बघा. अंडी सापडली की चिरडा. कचऱ्यात नुसती फेकली तर तिथे फुटतील. कुंड्या विटांच्या तुकड्यांवर उचलून ठेवा, म्हणजे बुडाशी ओल धरत नाही. आणि संध्याकाळी पाणी घालणं थांबवा, सकाळी घाला. रात्री माती ओली ठेवणं म्हणजे आमंत्रणच.

मग सापळा. गोणपाट गुळाच्या पाण्यात बुडवून संध्याकाळी कुंड्यांमध्ये पसरा, ऊन चढायच्या आत उचला. खाली जमलेल्या गोगलगायी बादलीत टाका. हे रोज जमणार नसेल तर गोणपाट टाकूच नका. मी एकदा पाच दिवस गावाला गेलो आणि ते तसंच राहिलं. परत येऊन बघतो तर मी त्यांना धर्मशाळा बांधून दिली होती.

गोगलगायी मारायच्या मेटाल्डिहाइडच्या विषारी गोळ्या दुकानदार लगेच काढून देतो. घरात किंवा गल्लीत कुत्रं-मांजर असेल तर घेऊ नका. ती खातात आणि मरू शकतात. गोळ्याच हव्या असतील तर फेरिक फॉस्फेटच्या घ्या.

जास्वंदीवरचा पिठ्या ढेकूण आणि शेंड्यांवरचा मावा पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने बराचसा निघून जातो. उरलेल्यांवर लिटरभर पाण्यात पाच मिली कडुनिंबाचं तेल आणि थेंबभर पातळ साबण मिसळून संध्याकाळी मारा.

गोगलगायींना मात्र चिकाटी लागते. अंडी फुटायला एक ते तीन आठवडे जातात, म्हणून एक फेरी करून थांबू नका. गोणपाटाखाली सलग तीन-चार सकाळी काही सापडेनासं होईतो चालू ठेवा. माझ्याकडे जूनअखेर सुरुवात केली तर नारळी पौर्णिमेच्या आसपास तो दिवस येतो. तेव्हा लावलेली झेंडूची रोपं दसऱ्याच्या तोरणाला फुलं देतात.