कॅमेऱ्याशिवाय नजर टिपताना या चुका टाळा

डोळे उजवीकडे वळवले, आलेख वर गेला. नजर तिथेच रोखून धरली, तरी सेकंदभरात रेघ शून्यावर आली. नजर पुन्हा समोर आणली तर रेघ शून्याच्या खाली गेली आणि प्रोग्रामने ठरवलं, ‘डावीकडे पाहिलं’. चष्म्याला इलेक्ट्रोड (त्वचेवरचा विद्युतदाब टिपणारे छोटे पॅड) लावून नजर ओळखू पाहणारे अनेक जण इथेच अडकतात आणि रात्ररात्र कोड तपासत बसतात.

दोष कोडमध्ये नसतो. डोळ्याचा पुढचा भाग, म्हणजे कॉर्निया, मागच्या दृष्टिपटलाच्या तुलनेत धनभारित असतो. त्यामुळे डोळा वळला की दोन्ही कानशिलांकडच्या इलेक्ट्रोडांमधला विद्युतदाब दर अंशाला साधारण १० ते २० मायक्रोव्होल्टने बदलतो. तो मोजायला हौशी मंडळी बहुधा ईसीजीचं मॉड्यूल घेतात, कारण ते स्वस्त असतं आणि सहज मिळतं. एडी८२३२ चिपच्या नेहमीच्या मॉड्यूलमध्ये सुमारे अर्ध्या हर्ट्झखालचं, म्हणजे दोन सेकंदांत एका आवर्तनापेक्षा संथ असलेलं सगळं गाळलं जातं. हृदयाच्या ठोक्यांसाठी ते योग्यच आहे. रोखलेली नजर मात्र स्थिर दाब देते, आणि फिल्टर नेमका तोच पुसून टाकतो.

मग फिल्टर काढूनच टाकावा असं वाटतं. पण त्वचा आणि इलेक्ट्रोड यांच्यामुळे येणारा फरकच १० मिलिव्होल्ट असू शकतो. तो १००० पट वाढवला की १० व्होल्ट होतात, ३.३ व्होल्टवरचं सर्किट कमाल पातळीला जाऊन अडकतं आणि आलेख सपाट दिसतो. स्थिर दाब हवाच असेल तर गेन (किती पट वाढवायचं ते) कमी ठेवा आणि २४ बिटांचा एडीसी (विद्युतदाबाचे आकडे करणारी चिप) घ्या. तरीही नजरेची नेमकी जागा तासभर बिनचूक कळेल, ही आशा धरू नका. डोळ्यातला विद्युतदाब उजेडाप्रमाणे बदलतो, अंधारात काही मिनिटं उतरत जातो. खिडकीपाशी केलेलं कॅलिब्रेशन (किती दाब म्हणजे किती अंश, हे ठरवणं) अंधाऱ्या खोलीत चुकतं ते त्यामुळेच.

म्हणून मी सांगेन, नजरेने पडद्यावरचा कर्सर हलवण्याचा हट्ट सोडा आणि फक्त नजरेच्या उड्या, म्हणजे ती एका जागेवरून दुसरीकडे झटकन जाते ते क्षण, ओळखा. ज्या माणसाचे फक्त डोळेच हलतात, त्याला भरकटणाऱ्या कर्सरपेक्षा डावं, उजवं आणि दोनदा डोळे मिटणं या तीन भरवशाच्या खुणा कितीतरी मोलाच्या आहेत. वर-खाली नजर मोजताना पापणीची हालचाल मिसळते, तेव्हा तो भाग नंतरसाठी ठेवा.

इलेक्ट्रोड अंगावर असताना लॅपटॉप चार्जरला जोडलेला नको. हा जिवाचा प्रश्न आहे: चार्जरमधलं इन्सुलेशन निकामी झालं तर घरातल्या विजेला थेट डोक्यापर्यंत वाट मिळते. सगळं बॅटरीवर चालवा, माहिती ब्लूटूथने पाठवा. त्याने घरातल्या विजेचा ५० हर्ट्झचा गोंगाटही कमी होतो. उरलेल्यासाठी सोपी युक्ती आहे. सेकंदाला २५० नमुने (मोजमापं) घ्या आणि लागोपाठच्या ५ नमुन्यांची सरासरी काढत जा. पाच नमुने म्हणजे २० मिलिसेकंद, म्हणजे त्या विजेचं बरोबर एक आवर्तन. वरचा आणि खालचा भाग एकमेकांना खोडतो. सेकंदाला ३० नमुने मात्र पुरत नाहीत, कारण नजरेची छोटी उडी ३०-४० मिलिसेकंदांतच संपते.

सकाळी चाललेलं उपकरण दुपारी बिघडलं तर आधी त्वचा पाहा. तेल, क्रीम, घाम स्पिरिटच्या बोळ्याने पुसा. नाकावरचे कोरडे इलेक्ट्रोड चष्मा घसरला की संपर्क सोडतात.

डोकं हललं की खोट्या खुणा येतात का? त्या खोट्या नसतात. समोरच्या वस्तूकडे पाहत मान डावीकडे वळवली तर डोळे खोबणीत उजवीकडे फिरतात, आणि इलेक्ट्रोडना तेवढंच कळतं. चष्म्याच्या काडीत एक जायरोस्कोप (वळणं ओळखणारा सेन्सर) बसवा आणि मान वळत असतानाच्या उड्या सोडून द्या.

इलेक्ट्रोडऐवजी इन्फ्रारेड एलईडी आणि डोळ्यावरून परतणारा त्याचा प्रकाश टिपणारा फोटोडायोड वापरत असाल, तर एलईडी सतत पेटता ठेवू नका. २० मिलिअँपचा एलईडी सेकंदाला २०० वेळा, दर वेळी १०० मायक्रोसेकंद पेटवला तर सरासरी खर्च ०.४ मिलिअँप येतो आणि डोळ्यावर पडणारा प्रकाशही तितकाच घटतो. प्रत्येक वेळी एलईडी बंद असतानाही एक मोजमाप घ्या आणि ते वजा करा. नाहीतर खोलीत उत्तम चाललेला चष्मा अंगणातल्या उन्हात आंधळा होतो.

एवढी काटकसर करून बॅटरी तरीही लवकर उतरत असेल, तर रेडिओकडे बघा. एडी८२३२ सुमारे १७० मायक्रोअँप घेते, ब्लूटूथ लो एनर्जीची चिप प्रसारण करताना काही मिलिअँप. सगळे नमुने फोनवर पाठवण्याऐवजी उडी चष्म्यातच ओळखा आणि फक्त ‘डावं’ किंवा ‘उजवं’ एवढंच पाठवा.