बाळाला वरचं खाणं सुरू केलं आणि पोट बिघडलं? या चुका टाळा

गेल्या उन्हाळ्यात एक आजी नातीला कडेवर घेऊन आमच्या अंगणवाडीत आली. मुलगी साडेपाच महिन्यांची, चेहरा लालबुंद, मुठी आवळलेल्या. चार दिवस शी नव्हती, आणि त्या दिवशी सकाळी झाली ती शेळीच्या लेंड्यांसारखी, वर रक्ताची एक बारीक रेघ. आजीनं लंगोट तसाच पिशवीत घालून आणला होता, आणि फार चांगलं केलं. आजीचं मत ठरलेलं होतं, "बाई, नाचणी बाधली हिला."

आईला सतरंजीवर बसवलं आणि एकेक गोष्ट विचारत गेले. पाचव्या महिन्यात उष्टावण झालं. मामानं चांदीच्या वाटीतली खीर चाटवली. दुसऱ्या दिवसापासून सकाळ-संध्याकाळ नाचणीसत्त्व, तेही दारच्या म्हशीच्या दुधात, चमचा उभा राहील इतकं दाट. पोट फुगलं म्हणून गुटी, कुथतेय म्हणून ग्राइप वॉटर. या सगळ्यात नाचणीचा दोष सगळ्यात कमी होता.

मुलीला आधी प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवलं. कडक शीमुळे गुदद्वाराशी चीर पडली होती. डॉक्टरांनी वरचं सगळं थांबवून सहा महिने भरेपर्यंत फक्त अंगावर पाजायला सांगितलं. आठवड्याभरात पोट मोकळं झालं. तासगाव-पलूस पट्ट्यातल्या या अंगणवाडीत मी अशी बरीच बाळं पाहिली आहेत, आणि चुका बहुतेक त्याच त्या असतात.

सहावा लागला की सहा भरले?

सगळ्यात जास्त घोळ इथं होतो. आपल्याकडे महिना "लागतो" आणि "भरतो". 10 जानेवारीला जन्मलेल्या बाळाला 10 जूनला सहावा लागतो, पण सहा महिने पूर्ण होतात 10 जुलैला. मधला महिना फक्त आईच्या दुधाचा. जागतिक आरोग्य संघटना सांगते ते 180 दिवस म्हणजे भरलेले सहा महिने. त्याआधी पाणीसुद्धा नको, उन्हाळ्यातही नको.

मुलींच्या बाबतीत तर हे जास्तच होतं. मुलाचं उष्टावण सम महिन्यात, मुलीचं विषम महिन्यात, अशी रीत. म्हणून कितीतरी घरांत मुलीचं पाचव्यात उरकून टाकतात. माझं घरोघरी एकच सांगणं असतं: सातवा महिनाही विषमच आहे! तो लागला म्हणजे सहा भरले. रीत राहते, मामाचा मान राहतो आणि पोरीचं पोटही सांभाळलं जातं.

थांबायचं का, तर पिठूळ पदार्थ पचवणारा स्वादुपिंडाचा रस पहिल्या काही महिन्यांत फार कमी असतो. न पचलेलं पीठ आतड्यात आंबतं, मग पोट फुगतं, वारा धरतो. आईच्या दुधात पीठ पचवायला मदत करणारा घटक असतो, म्हणून वरचं सुरू केल्यावरही अंगावर पाजणं दोन वर्षांपर्यंत आणि पुढेही चालू ठेवायचं. खाणं सुरू झालं म्हणून दूध तोडणं ही वेगळीच मोठी चूक.

उलट, आठवा-नववा महिना उजाडला तरी "अजून दात नाहीत" म्हणून थांबणारेही आहेत. जन्मताना बाळ लोहाचा जो साठा घेऊन येतं तो सहा महिन्यांच्या सुमारास संपत येतो, आणि आईच्या दुधात लोह थोडंच असतं. दातांची वाट बघू नका. मान पक्की धरतंय का, आधारानं बसतंय का, तुमच्या ताटाकडे झेपावतंय का, आणि चमचा तोंडात घातल्यावर घास जिभेनं बाहेर ढकलणं थांबलंय का, हे बघा. बाळ दिवस भरण्याआधी जन्मलेलं असेल तर कधी सुरू करायचं ते डॉक्टरांनाच विचारा.

फार पातळ, फार दाट

भाताची पेज किंवा वरणाचं वरचं पाणी देऊन "खातंय की" म्हणणारी आई आणि डिंकासारखं घट्ट सत्त्व भरवणारी आई, दोघी मला एकाच दिवशी भेटतात. पहिलीचं बाळ पाण्यानं पोट भरतं आणि वजन वाढत नाही. दुसरीच्या बाळाची शी खड्यासारखी होते.

चमचा भरून घ्या आणि तिरका करा. पाण्यासारखं धो-धो गळालं तर पातळ आहे. उलटा करूनही पडेना तर दाट. हळूच घसरत खाली आलं की बरोबर.

आता एक गंमतीची गोष्ट, आणि मला ती फार मोलाची वाटते. मोड आणलेल्या धान्यातही स्वादुपिंडाच्या रसासारखाच पीठ विरघळवणारा घटक तयार होतो. जावळी-पाटणच्या डोंगरातली नाचणी मिळाली तर उत्तमच, नाहीतर बाजारातली घ्या. स्वच्छ धुऊन रात्रभर भिजवा, फडक्यात बांधून दीड-दोन दिवस मोड येऊ द्या, वाळवा, कोंब चोळून काढा, अगदी हलकं भाजा आणि दळून वस्त्रगाळ करा. आता तांदूळ-मूगडाळीचं खिमट नेहमीपेक्षा जरा दाट शिजवा. खाली उतरवून थोडं निवलं की त्यात हे पीठ छोटा चमचाभर घालून ढवळत राहा. दोन-तीन मिनिटांत चमच्याला चिकटणारं खिमट डोळ्यांदेखत सैल होतं. मग पुन्हा एक उकळी द्या. पाणी न वाढवता पातळ झालं, म्हणजे तेवढ्याच वाटीत धान्य जास्त गेलं आणि पचायलाही हलकं झालं. पीठ करपेपर्यंत भाजलंत तर मात्र हा गुण जातो. वरून अर्धा चमचा साजूक तूप घाला.

सुरुवात दोन-तीन चमच्यांनी, दिवसातून दोनदा. आठ महिने भरेपर्यंत हळूहळू अर्ध्या वाटीपर्यंत न्या, दोन-तीन वेळा. नऊ महिन्यांनंतर अर्धी ते पाऊण वाटी, तीन-चार वेळा. वाटी म्हणजे पाव लिटरची. नवा पदार्थ एका वेळी एकच, दोन-तीन दिवस तोच, म्हणजे काही बाधलं तर कशानं ते कळतं. सोमवारी नाचणी, मंगळवारी रवा, बुधवारी अंडं असं केलं आणि गुरुवारी पुरळ उठलं, तर दोष कुणाला देणार?

डब्यातलं तयार पीठ वापरणाऱ्यांसाठी माझाच अनुभव सांगते. माझ्या मोठ्याला मी ते शीग लावून चमचे भरून द्यायचे, "जरा जास्त ताकद येईल" म्हणून. महिनाभर त्याला शीला त्रास झाला. डब्यावर लिहिलेलं माप सपाट चमच्याचं होतं, मी वाचलंच नव्हतं. माप पाळा, आणि मागच्या बाजूला साखर किती घातलीय तेही वाचा. असं पीठ बाटलीत घालून पाजू नका. ठसका लागतो, बाटली नीट स्वच्छ होत नाही, आणि त्यानं बाळ रात्रभर झोपतं ही समजूतही खोटी आहे.

खीर, पेढा, मध

वर्षाच्या आत साखर, गूळ, मीठ लागत नाही. साताऱ्याचा कंदी पेढा पाहुण्यांनी प्रेमानं ओठाला लावला तरी हात जोडून नाही म्हणा. मधाच्या बाबतीत तर मी कुणाचंच ऐकत नाही. मधात एका जंतूचे बीजाणू असू शकतात आणि एक वर्षाच्या आतल्या बाळाच्या आतड्यात ते विष तयार करतात. पहिलं लक्षण बरेचदा बद्धकोष्ठ, मग बाळ ढिलं पडतं, ओढून पीत नाही, रडणं क्षीण होतं. गुटी मधात उगाळून देणाऱ्या घरांनी हे लक्षात घ्यावं. तसंही गुटीतलं वेखंड आणि जायफळ जास्त झालं की उलट्या आणि गुंगी येते, आणि सहाणेवरचं पाणी उकळलेलं नसतं.

गाई-म्हशीचं दूध दारात असतं, म्हणून वाटीवाटीनं पाजलं जातं. त्यात लोह नगण्य, पोट मात्र भरतं, शी घट्ट होते, आणि काही बाळांच्या आतड्यातून नकळत रक्तही झिरपतं. बाळ वर्षाचं होईपर्यंत ते प्यायला देऊ नका. पेज पाण्यात शिजवा, हवं तर अंगावरचं दूध काढून वरून घाला.

शी किती दिवसांनी झाली यापेक्षा कशी झाली ते बघा

फक्त अंगावर पिणारं बाळ पाच-सहा दिवसांनी शी करतं आणि ती मऊ असते, तर काळजी नाही. कुथतंय, लाल होतंय, पण शी मऊ येते, तेव्हाही बद्धकोष्ठ नाही. वरचं खाणं सुरू झालं की शी घट्ट, तपकिरी आणि वासाची होणारच. गाजराचे कण तसेच दिसतील, बीटनं लाल होईल, लोहाच्या थेंबांनी काळी-हिरवी होईल. या कशासाठीही खाणं बंद करू नका.

खडा होत असेल आणि बाळ सहा महिन्यांच्या पुढचं असेल, तर खाणं थोडं सैल करा, भात कमी करा, पिकलेली पपई किंवा पूर्ण पिकलेलं केळं कुस्करून द्या, खाण्याबरोबर उकळून गार केलेलं दोन-चार चमचे पाणी पाजा. आमच्याकडे बेदाणा घरोघरी. पाच-सहा मणुके रात्री भिजवा, सकाळी कुस्करून गाळणीतून काढा आणि तो गर द्या. पण आधी कोमट पाण्यानं दोन-तीनदा धुवा. बेदाणा करताना द्राक्षं लवकर वाळावीत म्हणून ती डिपिंग ऑइल आणि पोटॅशियम कार्बोनेटच्या पाण्यात बुडवतात, पिवळा रंग राहावा म्हणून गंधकाची धुरीही देतात. अख्खा बेदाणा किंवा शेंगदाणा बाळाच्या हाताला लागू देऊ नका, श्वासनलिकेत अडकतो.

एरंडेल पाजणं, साबणाची वडी किंवा एरंडेलात बुडवलेला विड्याच्या पानाचा देठ शीच्या जागी घालणं, हे कृपा करून थांबवा. नाजूक जागेला जखम होते, मग बाळ भीतीनं शी धरून ठेवतं आणि त्रास वाढतच जातो.

जुलाब लागले तर "दात येतायत" म्हणून गप्प बसू नका. दातांनी जुलाब लागत नाहीत. या वयात हाताला येईल ते तोंडात जातं, आणि सकाळची पेज दुपारपर्यंत झाकून ठेवून तीच भरवली जाते. प्रत्येक वेळी ताजं करा, भरवण्याआधी साबणानं हात धुवा. जुलाबात अंगावर पाजणं आणि खाणं दोन्ही चालू ठेवा. ओआरएसचं मोठं पाकीट एक लिटर पाण्यात एकदम मिसळा. चिमूट-चिमूट कपात घालू नका, प्रमाण चुकलं तर बाळाला अपाय होतो. लहान पाकीट 200 मिलिलिटरचं असतं, आधी वाचून घ्या. सोबत झिंकच्या गोळ्या 14 दिवस, सहा महिन्यांच्या पुढे रोज 20 मिलिग्रॅम. आशाताईंकडे किंवा आरोग्य केंद्रात विचारा. गव्हाचा रवा सुरू केल्यावर कित्येक आठवडे पातळ शी, फुगलेलं पोट आणि वाढीच्या तक्त्यावर खाली चाललेलं वजन असं एकत्र दिसलं, तर गहू मनानंच बंद करू नका. बाळाला गहू सोसत नाही का, याची डॉक्टर तपासणी करतील, आणि त्या तपासणीआधी गहू खाण्यात असावा लागतो.

काही गोष्टींना मात्र थांबायला वेळ नसतो. हिरवी उलटी, पोट दगडासारखं टणक, पांढरट खडूसारखी शी, लोहाचं औषध नसताना डांबरासारखी काळी शी, डोळे खोल गेलेले, सहा-आठ तास लघवी नाही, बाळ मलूल. आणि एक खास लक्षण: बाळ एकदम किंचाळून पाय पोटाशी घेतं, पाच-दहा मिनिटांनी शांत होतं, पुन्हा तसंच, आणि मग जेलीसारखी रक्तमिश्रित शी. आतड्याचा एक भाग दुसऱ्यात शिरल्यावर असं होतं, आणि पाच ते दहा महिन्यांच्या बाळांत ते जास्त दिसतं. तिथं गुटी नाही, शेक नाही. 108 ला फोन करून थेट बालरोगतज्ज्ञ असलेलं रुग्णालय गाठा. निघताना तो लंगोट पिशवीत घ्या, नाहीतर शीचा फोटो काढून ठेवा. शेवटचं काय आणि कधी खाल्लं तेही लिहून न्या, कारण घाबरलेल्या आईला त्या वेळी काही आठवत नाही.