आवाज न झेपणाऱ्या पोराला संग्रहालय दाखवायचं तर

माझी पिठाची चक्की आहे, वर्धा जिल्ह्यातल्या एका खेड्यात. माझा भाचा ऑटिस्टिक, म्हणजे स्वमग्न आहे. बोलतो कमी, पण दगडावर कोरलेलं काही दिसलं की नजर हलवत नाही. त्याला मूर्ती, चित्रं दाखवायला नेतो तेव्हा आम्ही काय करतो ते इथं सांगतो. परदेशातल्या काही संग्रहालयांत यासाठी वेगळी सोय असते. अमेरिकेत स्मिथसोनियनची संग्रहालयं अशा मुलांसाठी काही दिवस गर्दीच्या आधी उघडतात. न्यूयॉर्कचं मेट, म्हणजे मेट्रोपॉलिटन संग्रहालय, शांत दालनं कुठली अन् गोंगाटाची कुठली, हे दाखवणारा नकाशाच देते. आपल्याकडे कोणी असं देईल म्हणून वाट पाहत बसू नका, आपली शांत वेळ आपणच काढायची.

पहिलं म्हणजे जागा. नागपूरचा अजब बंगला, म्हणजे तिथलं जुनं संग्रहालय, 1863 सालचा, सोमवारी बंद. पाहण्यासारखं खूप आहे, पण पहिल्याच खेपेला तिथं नेऊ नका. जुनी उंच दालनं, बोललेलं घुमते, काचांवर उजेड चमकते. सुरुवात पवनारपासून करा. धाम नदीच्या काठी विनोबांचा आश्रम आहे. तिथं जमीन खोदताना वाकाटक राजांच्या काळातल्या मूर्ती निघाल्या, त्या आश्रमातच ठेवल्या आहेत. भरत-रामाच्या भेटीचं शिल्प त्यातलंच. मोकळी हवा, तिकिटाची रांग नाही, आणि आश्रम असल्यानं माणसं आपसूकच हळू बोलतात. त्यानंतर वर्ध्याचं मगन संग्रहालय. गांधीजींच्या हस्ते 30 डिसेंबर 1938 ला उघडलं. चरख्यांचे नाना प्रकार आहेत. फिरणाऱ्या चाकाचं वेड असलेल्या पोराला तर तेच पुरते.

दिवस निवडताना शाळांच्या सहली ध्यानात ठेवा. डिसेंबर-जानेवारीत हवा छान, पण सहलींच्या गाड्यांवर गाड्या येतात. उन्हाळ्याचं तर नावच नको बापा. पावसाळ्यातला उघडीप असलेला मंगळवार-बुधवार, सकाळी दार उघडते तीच वेळ. आधी फोन करून विचारा: सध्या रंगकाम, ठोकठाक चालू आहे का, फिल्म किंवा स्पीकर कोणत्या दालनात लावतात, संडास कुठं आहे, बाहेर जाऊन पुन्हा आत येता येते का. पोचल्यावर चौकीदार भाऊंना बाजूला घेऊन सांगा, "पोरगा आवाजाला बिचकतो, शिट्टी मारू नका, काही असलं तर मला हाक द्या." आजवर कोणी नाही म्हटलं नाही.

आता तयारी. कॅरल ग्रे नावाच्या अमेरिकन शिक्षिकेनं 1991 च्या सुमारास सोशल स्टोरी ही पद्धत काढली, म्हणजे पुढं काय होणार ते पोराला आधीच सोप्या गोष्टीतून सांगायचं. ती घरीही जमते. मी आधी एकटा जाऊन मोबाइलवर फोटो काढून आणले: बसथांबा, फाटक, चपला काढायची जागा, एक मूर्ती, बसायची सावली, परतीची बस. झेरॉक्सच्या दुकानात छापून घेतले आणि प्रत्येकाखाली एक-एक ओळ लिहिली. "इथं आपण चपला काढू." "कोणी मोठ्यानं बोललं तर मी कान झाकणारे मफ लावीन." "मला थकवा आला तर मी मामाचा हात ओढीन." शेवटच्या पानावर आमच्या घराचं दार. हे पान विसरू नका, कारण परत कधी जायचं हे माहीत नसलं की अर्धी घाबरगुंडी तिथूनच सुरू होते. जायच्या आधी रोज जेवणानंतर ते वाचायचं.

कानाचे मफ हार्डवेअरच्या दुकानात मिळतात, ग्राइंडरवर काम करणारे लावतात तेच. घरी थोडा-थोडा वेळ घालून सवय करा. डोक्यावर पुढं झाप असलेली टोपी हवी, ट्यूबलाइटचा त्रास कमी होते. मूर्तींना हात लावू देत नाहीत, आणि ते बरोबरच आहे. पण हाताला काही तरी पाहिजे, म्हणून भाच्याच्या खिशात धामेतला एक गुळगुळीत गोटा असते. भरताच्या मूर्तीपुढं उभा राहिला की गोट्यावरून अंगठा फिरवत राहतो. डब्यात घरचंच द्या, ओळखीच्या चवीचं.

एसटीत अपंगत्वाच्या कार्डावर 75 टक्के सवलत आहे, बायांना तसंही अर्धं तिकीट, म्हणजे ताई सोबत आली तरी खिशाला झेपते. पुढं इंजिनचा आवाज, मागं हादरे, म्हणून मधली सीट धरा.

आत गेल्यावर सगळं पाहायचं नाही. एक दालन, जमल्यास एकच वस्तू. आपल्या लोकांना पैसा वसूल करायची भारी हौस, इतक्या दूर आलो तर सगळं पाहूनच जाऊ म्हणतात. तिथंच बिघडते. भाचा कॉलर चावायला लागला आणि एकाच सुरात गुणगुणायला लागला की समजायचं, निघायची वेळ झाली. तुमच्या पोराची खूण वेगळी असेल, ती घरी हेरून ठेवा. वेळ निघून गेली आणि तो किंचाळायला लागलाच, तर समजावत बसू नका, धरून ठेवू नका. लोकांना बाजूला करा, सावलीत न्या, पाणी जवळ ठेवा, गप्प बसा. हा हट्ट नव्हे, त्या वेळी त्याच्या डोक्यात काहीच शिरत नाही. "लाडानं बिघडवलं" म्हणणारी एखादी काकू भेटतेच. तिला एकच वाक्य: "त्याला आवाज सोसत नाही काकू, थोडी जागा द्या." वाद घालायला वेळ कोणाकडे आहे?

ज्या पोट्ट्याला एका जागी बसवतच नाही, त्याचं गणित उलटं. त्याला काम द्या: किती मूर्तींना मुकुट आहे मोज, कुठं प्राणी कोरलाय शोध. चालता-चालताच तो पाहते. मोठ्या ऑटिस्टिक माणसालाही हे सगळं लागू आहे, फक्त त्याला विचारून ठरवा, त्याच्या वतीनं तुम्ही नाही.

दुसऱ्या दिवशी त्याला आराम लागते, पाहुणे, लग्न, बाजार काही ठेवू नका. पुढच्या खेपेला तीच जागा, तीच मूर्ती. नवं दालन त्यानं स्वतः पाय टाकला तरच.