दोन भाषांचं गोष्टवाचन लावायचंय? आधी पाण्याची वेळ विचारून या

परवा शेजारच्या वॉर्डातल्या एका वाचनालयाच्या कार्यवाह ताईंचा फोन आला. त्यांनाही आमच्यासारखं शनिवारचं मराठी-हिंदी गोष्टवाचन सुरू करायचंय, म्हणाल्या काय काय लागतं त्याची यादी पाठव ना जरा. बसले लिहायला आणि चार शब्दांत यादी संपली, पुस्तकं, सतरंजी, माईक, बिस्किटं. मग डोक्यात आलं की आमचं दीड वर्षात जे जे फसलं ते या चारात कुठेच बसत नाही, म्हणून ही सगळी लांबड लावतेय, ज्यांना घाई आहे त्यांनी माईक काढून टाका यादीतून, तो लागतच नाही.

तर सगळ्यात आधी, म्हणजे महिनाभर आधी, तारीख-वेळ ठरवायच्याही आधी, वस्तीत एक चक्कर मारायची आणि विचारायचं की तुमच्याकडे पाणी किती वाजता येतं. हसू नका. आम्ही भांडुपला डोंगराकडच्या बाजूला पहिल्यांदा शनिवारी साडेपाचला ठेवलं होतं, फ्लेक्स लावला, फुगे बांधले, आणि आली किती तर सात पोरं, त्यातली तीन आमच्याच सभासदांची. साडेपाच म्हणजे तिकडे नळाची वेळ. ड्रम भरल्याशिवाय कुठली आई घर सोडेल, आणि आई नाही म्हटल्यावर तिच्या पदराला लटकलेली दोन धाकटीही नाहीत. चारवर आणलं आणि सतरंजी कमी पडायला लागली. त्याच चकरेत ट्युशन किती ते किती, अरबीच्या क्लासला मुलं कधी जातात, हेही विचारून घ्या. रविवार तर घेऊच नका, मेगाब्लॉक लागला की तुमची गोष्ट सांगणारी कल्याणहून येणारी मुलगी ठाण्यातच अडकून बसते आणि इथे पन्नास डोळे तुमच्याकडे लागलेले.

मग भाषा कुठल्या ते बघा. आपण आपलं धरून चालतो की मराठी आणि हिंदी, पण 'हिंदी' म्हणून जे घर सांगतं त्या घरात भोजपुरी चालत असेल, अवधी असेल, उर्दू असेल. जवळच्या महापालिका शाळा कुठल्या माध्यमाच्या आहेत ते बघितलं तरी अंदाज येतो, मुंबई महापालिकेच्या शाळा आठ माध्यमांत चालतात, मराठी, हिंदी, उर्दू, गुजराती, इंग्रजी, तमिळ, तेलुगू आणि कन्नड, तेव्हा तुमच्या गल्लीला यातल्या कुठल्या दोन लागतात ते तुमच्या गल्लीलाच विचारायला हवं. आणखी एक गोष्ट आमच्या फार उशिरा लक्षात आली. आम्हाला वाटत होतं आपण 'परभाषिकांसाठी' काहीतरी करतोय, आणि पहिल्या महिन्यात अडखळत अडखळत मराठी वाचणारी जी पोरं निघाली त्यातली निम्मी पाटील, सावंत आणि कांबळे होती, इंग्लिश मीडियमची. आई-बाबांशी फडाफडा मराठी बोलतात पण छापलेली ओळ समोर आली की जोडाक्षराशी गाडी बंद. त्यांच्यासाठी मराठी-इंग्रजीही लागणार, हे पुस्तकं मागवतानाच ध्यानात ठेवा.

आणि हो, हिंदीभाषिक आया कशासाठी येतात हेही समजून घ्या. २०२० च्या कायद्यानंतर महाराष्ट्रात सगळ्या बोर्डांच्या शाळांत मराठी शिकवणं सक्तीचं झालंय, तेव्हा घरी मराठीचा गृहपाठ येतो आणि घरात तो कुणालाच येत नाही. त्या आईला तुमच्या गोष्टीपेक्षा आधी ती वही दाखवायची असते. म्हणून गोष्ट संपल्यावर अर्धा तास एका कोपऱ्यात टेबल टाकून गृहपाठाला बसणारं कुणीतरी हवंच, कॉलेजची पोरं मिळतात, कटिंग आणि वडापाववर खूश असतात. बालभारतीची पुस्तकं पीडीएफमध्ये फुकट मिळतात, ती एका जुन्या टॅबमध्ये उतरवून ठेवा म्हणजे घरी पुस्तक विसरलं ही सबब चालत नाही.

आता पुस्तकं. एकाच पानावर दोन्ही भाषा छापलेली चित्रपुस्तकं प्रथम बुक्स काढतं, ती पहिली घ्या, महाग नसतात. शिवाय त्यांचीच स्टोरीवीव्हर नावाची वेबसाइट आहे, २०१५ पासून चालू आहे, तिथे एकच गोष्ट मराठीत, हिंदीत, उर्दूत, इंग्रजीत सापडते, गोष्टी वाचनाच्या पातळीप्रमाणे लावलेल्या असतात, एक ते चार, आणि लेखक-चित्रकाराचं नाव कायम ठेवून छापायला, वाटायला परवानगी आहे, म्हणजे झेरॉक्सवाल्याकडून काढून घ्यायलाही हरकत नाही. पण, आणि हा पण मोठा आहे, दोन्ही भाषांतली गोष्ट आदल्या दिवशी मोठ्याने वाचून बघितल्याशिवाय मुलांसमोर जायचं नाही.

हे का सांगतेय ते ऐका. मी एका गोष्टीत वाचलं, 'मग आजीने त्याला शिक्षा केली'. पुढच्या रांगेतला एक पोरगा, गुडघ्याला पट्टी बांधलेली, एकदम खूश होऊन म्हणाला, 'अच्छा, दादीने पढाया उसको!' मी म्हटलं नाही रे, कान धरून उभं केलं. तो म्हणे, 'तो फिर शिक्षा कैसे हुई?' त्याच्या बाजूच्या मराठी पोरीने त्याला कान धरून दाखवलं, त्याने हिंदीच्या पुस्तकावर छापलेलं शिक्षा दाखवलं, आणि दहा मिनिटं गोष्ट राहिली बाजूला. पुढच्या शनिवारी मी असे शब्दच जमवून गेले. चेष्टा, आपल्याकडे थट्टा आणि तिकडे प्रयत्न. संसार, आपल्याकडे घरगृहस्थी, तिकडे सगळं जग. यात्रा, आपल्याकडे गावची जत्रा, तिकडे प्रवास. पोरांना हा खेळ गोष्टीपेक्षा जास्त आवडतो, आता तीच शब्द आणतात घरून. तर गोष्ट वाचताना असे शब्द पेन्सिलीने गोल करून ठेवायचे, हे यादीत अगदी वरती लिहा.

सांगायचं कसं हाही तयारीचाच भाग आहे. एक वाक्य मराठीत, मग तेच हिंदीत, असं अजिबात करू नका. मुलं हुशार असतात, आपल्या भाषेचं वाक्य ऐकतात आणि दुसऱ्या वाक्याला शेजाऱ्याला चिमटे काढतात. त्यापेक्षा सांगणारे दोघं ठेवा आणि पात्रं वाटून घ्या. आम्ही चिऊ-काऊची घेतली, काऊचं घर शेणाचं, चिऊचं घर मेणाचं, तीच आपली. पावसात घर वाहून गेलेला कावळा हिंदीत गयावया करतो, आतून चिमणी मराठीत उत्तर देते, थांब माझ्या बाळाला न्हाऊ घालते, थांब माझ्या बाळाला तीट लावते. तिसऱ्या वेळेला सगळी सतरंजी ओरडते 'थांब माझ्या बाळाला', जौनपूरची काय आणि जावळीची काय. भाषांतर करावंच लागत नाही. फक्त कावळा नेहमी हिंदी आणि चिमणी नेहमी मराठी असं करू नका, पुढच्या खेपेला उलटं करा, नाहीतर लबाड कोण हे पोरांच्या डोक्यात बसतं. हे आम्हाला एका आईने सांगितलं, आमच्या कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

उर्दू असेल तर एक लक्षात ठेवा, पुस्तक उजवीकडून उघडतं, लिहिणं उजवीकडून डावीकडे, तेव्हा स्क्रीनवर किंवा हातात धरून दाखवताना पानं उलटी नका फिरवू, मी फिरवलीत. वाचायला आई किंवा मोठी बहीण बोलवा, तुम्ही देवनागरीत लिहून घेऊन वाचू नका, पोरं हसतात, आणि हसतात ते बरोबरच आहे.

फॉर्म आणि वर्गणी. आपल्याकडची बहुतेक सार्वजनिक वाचनालयं १९६७ च्या ग्रंथालय कायद्याखाली मान्यता आणि अनुदान घेतात पण चालवतात संस्थाच, त्यामुळे डिपॉझिट किती, कागद काय काय मागायचे, हे बरंचसं तुमच्या कमिटीच्या हातात असतं. म्हणून महिनाभर आधीच्या मीटिंगला ठराव आणा. भाड्याने राहणाऱ्या माणसाकडे अकरा महिन्यांचं अ‍ॅग्रीमेंटसुद्धा कधी असतं कधी नसतं, लाइटबिल मालकाच्या नावाचं, तिथे पत्त्याच्या पुराव्यावर अडून बसलात तर गोष्ट ऐकून पोरगं रिकाम्या हाताने घरी जाणार. आम्ही बालसभासदाला एका वेळी एकच पुस्तक आणि जुन्या सभासदाची सही, एवढ्यावर भागवलं. पुस्तकं जातात का, जातात दोन-चार, मोठ्या सभासदांचीही जातात की. फॉर्म दोन्ही भाषांत, एकाच कागदावर, सारख्याच टायपात. फ्लेक्सचंही तेच, मराठी मोठी आणि खाली मुंगीएवढी हिंदी असं केलंत तर लोकांना बरोबर कळतं ते. आणि हिंदी मजकूर आपल्या डीटीपीवाल्याच्या भरवशावर सोडू नका, आमच्या पहिल्या फ्लेक्सवर 'मोफत प्रवेश' चं हिंदी 'मोफत प्रवेश' च होतं. खरं तर फ्लेक्सपेक्षा तीस सेकंदांची व्हॉइस नोट भारी काम करते, दोन्ही भाषांत बोलून चाळ कमिटीच्या ग्रुपवर टाकायची, ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यापर्यंतही जाते.

कपाटाचं थोडक्यात. मोठ्यांच्या विभागात ड्युईप्रमाणे, म्हणजे पुस्तकांना विषयवार आकडे देण्याच्या पद्धतीप्रमाणे, मराठी साहित्य ८९१.४६, हिंदी ८९१.४३, गुजराती ८९१.४७ असं लावलेलं असेल तर राहू द्या, पण बालविभागात भाषेप्रमाणे रॅक नकोत, एकाच गोष्टीची मराठी आणि हिंदी प्रत शेजारीशेजारी ठेवा, पाठीवर रंगीत टिकली लावा. आमचे एक ज्येष्ठ सभासद अजूनही रोज येऊन त्या वेगळ्या करून ठेवतात. कॉम्प्युटरवर नोंद असेल तर दोन गोष्टी तपासा, जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या नोंदी युनिकोडमध्ये शोधून सापडत नाहीत, आणि 'वाऱ्या', 'दऱ्या' मधला तो अर्धा र दोन वेगळ्या पद्धतींनी टाइप होतो, डोळ्याला सारखाच दिसतो पण मशीनला वेगळा, म्हणून पुस्तक समोर कपाटात असून स्क्रीन म्हणते नाही. नावाशेजारी रोमन स्पेलिंगही टाकून ठेवा, इंग्लिश मीडियमची पोरं तसंच शोधतात. पावसाळ्यात कसर लागते पण बालविभागात डांबरगोळ्या टाकू नका, लहान मुलं तोंडात घालतात, कडुनिंबाचा पाला ठेवा.

आता सगळ्यात नाजूक काम, देवघेवीच्या टेबलावर शनिवारी कोण बसणार. एकदा एक बाई दारात चपला काढून उभ्या होत्या, एक पाय आत एक बाहेर, हातात मुलीची वही, 'अंदर आ सकते हैं क्या'. आमच्या काकांनी चष्म्यावरून बघून 'मराठीत बोला' म्हटलं, काकांचा स्वभाव वाईट नाही, सवय, पण त्या गेल्या. पुढच्या वेळेला मी बसले होते, मी आपली मुंबईकर, समोरचा हिंदी बोलला की लगेच माझी तोडकीमोडकी हिंदी चालू. तर त्याच बाई म्हणाल्या, 'आप मराठी में ही बोलिए ना, धीरे धीरे, मुझे भी सीखना है.' म्हणजे दोघंही चुकलो. तेव्हा टेबलावरच्या माणसाला आधी बसवून सांगा, पहिलं वाक्य 'या ना, आत या', मग सावकाश सोपं मराठी, अडलं तर हिंदी, आणि समोरचा म्हणेल तसं. काकांना आम्ही गृहपाठाच्या टेबलावर बसवलं, तिथे ते तुफान चालतात.

मुहूर्त म्हणून २७ फेब्रुवारीचा मराठी भाषा गौरव दिन किंवा १४ सप्टेंबरचा हिंदी दिन नका धरू, त्या दिवशी प्रत्येक शाळेचं स्वतःचं काहीतरी असतं. १५ ऑक्टोबरला, वाचन प्रेरणा दिनाला, शाळा स्वतःहून मुलं घेऊन येतात, तेव्हा फॉर्म जास्तीचे छापून ठेवा. बाकी पिण्याचं पाणी, पंख्याची एक्स्टेंशन वायर, पावसात चपलांसाठी प्लास्टिक, हे काय सांगायला नको. नोंदवहीत नाव आणि घरची भाषा लिहा, आणि एक रकाना ठेवा, मागच्या शनिवारी आलेलं का. फोटोतल्या गर्दीपेक्षा तो रकाना जास्त बघा.

ताई, सतरंजी आमची घेऊन जा, पण शुक्रवारी रात्रीपर्यंत परत पाठवा, शनिवारी चारला लागते.