सायकल मार्गासाठी नागरिकांना विचारताय? या चुका टाळा

पुण्यात सायकल मार्गाबद्दल बोलायला उभं राहिलं की पहिला प्रश्न ठरलेला: "आधीच्या ट्रॅकचं काय झालं?" रास्त आहे. २००६ च्या डिसेंबरात कात्रज-स्वारगेट-हडपसर बीआरटी, म्हणजे बससाठी राखीव मार्गिका, सुरू झाली, तिच्या कडेने सायकल ट्रॅक आले, पुढे इतर रस्त्यांवरही आले. त्यातल्या कित्येकांवर आज विजेच्या डीपीच्या पेट्या आहेत, वर आलेली चेंबरं आहेत, लावलेल्या दुचाक्या आहेत. मग महापालिकेने अख्ख्या शहराचा सायकल आराखडा करून घेतला, सुमारे ८२४ किलोमीटरच्या जाळ्याचा. त्यासाठी सभा झाल्या, प्रश्नावल्या भरून घेतल्या आणि डिसेंबर २०१७ मध्ये मुख्य सभेने तो मंजूर केला. रस्त्यावर मात्र तो आला तुकड्यातुकड्यांनी. आणि तुकडा ज्याच्या दारासमोर येतो त्याला 'शहराचा आराखडा' वगैरे काही आठवत नाही. त्याला आपलं गेट दिसतं. म्हणून खरी विचारपूस गल्लीच्या पातळीवर करावी लागते. अशा बऱ्याच बैठकांना मी बसलोय. खालच्या चुकांपैकी निम्म्या माझ्याच आहेत.

रेघ आखून झाल्यावर विचारणं

नकाशा तयार, सल्लागाराचं प्रेझेंटेशन तयार, आणि मग हरकती-सूचना मागवायच्या. लोकांच्या हातात तेव्हा दोनच गोष्टी उरतात, मान डोलावणं नाहीतर भांडणं. पुणेकर यातलं काय निवडेल हे सांगायला नको.

आधी जा, आणि प्रश्नही वेगळा न्या. "सायकल ट्रॅक हवा का?" या प्रश्नाला सगळे हो म्हणतात आणि त्या होकाराचा काही उपयोग नसतो. त्याऐवजी विचारा, "सायकलवरून कुठे कुठे उतरावं लागतं?" उत्तरं भराभर येतात. पुलाच्या चढावर. चौकात उजवीकडे वळताना. नाल्याजवळ फूटपाथ संपतो तिथे. शाळेसमोर, व्हॅन लागतात तेव्हा. या जागांची यादी झाली की आराखड्याचा पहिला कच्चा खर्डा तुमच्या हातात असतो, आणि तो लोकांच्या तोंडून आलेला असतो.

फक्त हेल्मेटवाल्यांची सभा

रविवारी सकाळी सिंहगडाच्या पायथ्यापर्यंत जाऊन येणारी मंडळी उत्साही असतात, बोलतात छान, बैठकीला वेळेवर येतात. त्यांना बोलवाच. पण ते नेहमीच्या सायकलस्वारांचे प्रतिनिधी नव्हेत. रोज सायकल चालवतो तो रात्रपाळी करून परतणारा वॉचमन, रंगकाम करणारा, पेपरवाला, महापालिकेच्या शाळेतली मुलगी. हे लोक कामाच्या दिवशी सकाळी अकराला क्षेत्रीय कार्यालयात येणार नाहीत. इंग्रजीतला ऑनलाइन फॉर्म तर त्यांच्यापर्यंत पोचतच नाही.

मग आपण जायचं. सकाळी सहा ते आठ एखाद्या पुलाच्या तोंडाशी उभं राहून जाणाऱ्या सायकली मोजा, मजूर अड्ड्यावर चहाच्या वेळेला बोला. आणि पंक्चरवाल्याला विसरू नका. कुठला रस्ता सायकलींना खातो हे त्याच्याइतकं कुणालाच ठाऊक नसतं.

नकाशावर वाद घालणं

या चुकीत माझ्या दोन बैठका वाया गेल्या. उपनगरातला साधा बारा मीटरचा रस्ता. मी भिंतीवर नकाशा लावला, दोन मीटरची हिरवी पट्टी दाखवली आणि आरडाओरडा सुरू झाला. एका सोसायटीचे सेक्रेटरी काका तर उठून निघूनच गेले.

तिसऱ्या वेळी सभा घेतलीच नाही. सकाळी साडेसहाला टेप आणि मैदानं आखायची फक्की घेऊन गेलो आणि फूटपाथच्या कडेपासून दोन मीटरवर खरीखुरी रेघ मारली, साठेक मीटर लांब. दुधाची पिशवी घेऊन तेच काका आले. बराच वेळ रेघेकडे बघत राहिले. मग आत जाऊन गाडी काढली आणि गेटमधून हळूहळू पुढे आणली. बॉनेट रेघेला टेकलं तरी कंपाउंडच्या भिंतीमुळे त्यांना रस्ता दिसत नव्हता. काच खाली करून म्हणाले, "हे बघा, एखाद्या दिवशी पोरगं उडवीन मी इथे."

म्हणजे आम्ही दोन बैठका पार्किंगवर भांडत होतो आणि त्यांची अडचण गेटच्या कोपऱ्यातली होती. भिंतीचा तेवढा तुकडा उतरवून तिथे जाळी बसवायची, असं त्या फक्कीच्या रेघेवरच ठरलं.

दुकानदारांना शत्रू समजणं

त्यांना सगळ्यांच्या सभेत बोलवू नका, दुपारी गिऱ्हाईक नसताना दुकानात जाऊन भेटा. "पार्किंग गेलं तर धंदा बसेल" या वाक्यामागे बहुतेकदा नेमकी गोष्ट असते: मालाचा टेम्पो कुठे आणि किती वाजता लावायचा. त्यावर वेळ ठरवता येते, पी-वन पी-टू (एक दिवस या बाजूला, एक दिवस त्या बाजूला पार्किंग) करता येतं, बाजूच्या गल्लीत जागा काढता येते. पथारीवाल्यांचंही तसंच. २०१४ च्या कायद्याने त्यांच्यासाठी नगर पथविक्रेता समिती आहे. तिथे विषय न नेता ट्रॅक आखलात तर उद्घाटनानंतर आठवड्यात हातगाड्या परत येतील, आणि त्यांची चूक म्हणता येणार नाही.

"आधी खड्डे बुजवा!" आणि सभा हातातून जाते

जाणारच. माइक ओढू नका. एक वेगळा कागद भिंतीवर लावा, त्यावर खड्डे, कचरा, दिवे असं सगळं सर्वांसमोर लिहा आणि आरोग्य किंवा पथ विभागाचं कुणी हजर असेल तर तिथेच त्याच्या हाती द्या. दहा मिनिटं जातात, पण नंतर मुद्द्यावर बोलता येतं. किरकोळ कामं, म्हणजे एखादा उतार किंवा झाकण, प्रभागाच्या नागरिक सहभागाच्या अंदाजपत्रकात सुचवता येतात. पुण्यात ती सोय २००६-०७ पासून आहे.

उत्तर न देणं

"आपली सूचना विचारात घेण्यात येईल" हे वाक्य ऐकलेला माणूस दुसऱ्या सभेला येत नाही. सूचना, घेतली की नाही, का नाही, असा तीन रकान्यांचा तक्ता कोपऱ्यावरच्या बस स्टॉपवर चिकटवा. 'नाही' लिहायला घाबरू नका, कारण मात्र लिहा.

काम झालं की लोकांना विसरणं

एका ठिकाणी दुचाक्या अडवायला ट्रॅकच्या तोंडाशी बोलार्ड, म्हणजे बुटके खांब, ठोकले होते. पेपरवाल्याने हॅण्डलला दोन्ही बाजूंनी पिशव्या लावलेली सायकल त्या फटीत घालून दाखवली. अडकली. तो काही बोलला नाही, सायकल मागे घेतली आणि रस्त्याने निघून गेला.

तेव्हा ठेकेदाराचं शेवटचं बिल निघण्याआधी अशाच एखाद्या लादलेल्या सायकलवाल्याला पूर्ण मार्गावरून जायला सांगा. मागून कुणीतरी वही घेऊन चालवत जा आणि तो जिथे जिथे उतरेल तिथलं टिपून घ्या.