मुदत संपली, पण लायसन्सी फ्लॅट सोडत नाही: काय करावे

घोडबंदर रोड असो की वाशी, अकरा महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स करार (ठरावीक मुदतीपुरती राहण्याची परवानगी) संपतो आणि लायसन्सी, म्हणजे त्या करारावर राहणारा, म्हणतो, "मुलांच्या परीक्षा होऊ द्या." मालक थांबतो, खात्यात येणारे भाडे मुकाट्याने घेत राहतो. पुढे 'करार तोंडी वाढवला होता' या बचावाला हेच पैसे कामी येतात. रक्कम आलीच तर ती मुदतीनंतरच्या वापराच्या भरपाईपोटी, हक्क राखून घेतल्याचे लगेच लेखी कळवा.

कुलूप बदलणे, वीज-पाणी तोडणे अजिबात नको. कायदेशीर मार्ग सोडून बाहेर काढलेला माणूस स्पेसिफिक रिलीफ ॲक्टच्या कलम ६ खाली सहा महिन्यांत दावा लावून ताबा परत मागू शकतो. त्या दाव्यात घर कोणाचे, हे पाहिले जात नाही.

घर राहण्यासाठी दिले असेल तर महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे अशा अर्जांसाठी शासनाने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे, अर्ज करा. ठाण्याच्या नौपाड्यातल्या जुन्या पागडीच्या (एकरकमी पैसे देऊन भाड्याने घेतलेल्या) खोलीला हा रस्ता नाही; तिथे भाडेकरू असतो, दावा दिवाणी न्यायालयात जातो.

अर्जाला नोंदणीकृत करार आणि सूची क्रमांक दोन (इंडेक्स टू, म्हणजे नोंदणीचा उतारा), मालकीचा कागद, नोटीस व तिची पोचपावती जोडा. फ्लॅट दोघांच्या नावावर असेल तर दोघांनीही अर्जदार व्हावे. लेखी करारातला मजकूर इथे निर्णायक पुरावा धरला जातो, म्हणून मुदतीची तारीख बिनचूक हवी. नुसता नोटरी केलेला कागद म्हणजे नोंदणी नव्हे. कलम ५५ प्रमाणे नोंदणीची जबाबदारी मालकाची. नोंदणी नसेल तर अटींबाबत समोरच्याचे म्हणणे, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरतात.

अर्जात भरपाईही मागा: मुदत संपल्यापासून दुप्पट दराने. २०,००० रुपये भाडे असेल तर महिन्याला ४०,०००.

बहुतेक तारखा समन्स बजावण्यातच जातात. त्यामुळे फ्लॅटसोबत लायसन्सीच्या गावचा आणि नोकरीचा पत्ताही द्या. समन्स मिळाल्यापासून ३० दिवसांत त्याने शपथपत्रासह बचावाची परवानगी मागितली नाही, तर तुमचे म्हणणे मान्य धरून ताब्याचा आदेश होतो. आदेशावर अपील नाही. ९० दिवसांत पुनरीक्षण अर्ज (आदेश तपासून पाहण्याची विनंती) करता येतो.

ताबा घेताना मीटरचे रीडिंग, फोटो आणि किल्ल्या मिळाल्याची दोघांच्या सहीची पावती घ्या. डिपॉझिटचा हिशेब त्यानंतर.